मागे घेतलेला सुळा: न झालेल्या एका लिलावाचे प्रकरण

पार्श्वभूमी

डिसेंबर २०१० मध्ये लंडनमधल्या एका बड्या लिलावगृहाने पुढच्या फेब्रुवारीतल्या विक्रीची घोषणा केली. सहा वस्तू, सगळ्या एकाच घरातल्या आणि सगळ्या बेनिनच्या. त्यात भाव खाणारी होती हस्तिदंताच्या मुखवट्याची वस्तू. तिची अंदाजे किंमत ३५ ते ४५ लाख पौंड लावली होती. बाकीच्या पाचांत हस्तिदंताची दोन कोरीव कडी, पोर्तुगीज आकृत्या असलेले धातूचे एक कडे, 'सुळ्याची बैठक' या नावाने ओळखली जाणारी ब्रॉन्झची एक मूर्ती आणि हत्तीचा एक कोरीव सुळा होता. हे प्रकरण त्या सुळ्याच्या बाजूने मांडतो आहे, कारण त्या वेळच्या गदारोळात त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

घराण्याचे आणि लिलावगृहाचे नाव देत नाही. ज्यांना हा विषय ठाऊक आहे ते दोन परिच्छेदांत ओळखतीलच. पण नाव आले की चर्चा माणसांवर घसरते, असा अनुभव आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. हे बेनिन म्हणजे आजचा बेनिन नावाचा देश नव्हे. हे एडो लोकांचे जुने राज्य. त्याची राजधानी बेनिन सिटी आजच्या नायजेरियाच्या दक्षिण भागात, एडो राज्यात आहे. राजाला तिथे 'ओबा' म्हणतात. गादी आजही चालू आहे. २०१६ पासून ओबा एवुआरे दुसरे त्या गादीवर आहेत.

वस्तू ज्या अधिकाऱ्याकडून घराण्यात आल्या, त्याचा बेनिनशी दोनदा संबंध आला. मार्च १८९२ मध्ये ब्रिटिश व्हाइस-कॉन्सल म्हणून त्याने ओबा ओव्होनरामवेन यांच्याशी तह केला. पाच वर्षांनी तो फौजेबरोबर त्याच शहरात शिरला. मधल्या काळात व्यापारावरून ताण वाढत गेला होता. नोव्हेंबर १८९६ मध्ये प्रभारी कॉन्सल-जनरल फिलिप्स याने ओबांना गादीवरून दूर करण्याची परवानगी लंडनकडे मागितली. त्याच पत्रात त्याने असेही लिहिले होते की मोहिमेचा खर्च भागेल एवढे हस्तिदंत राजाच्या घरात मिळेल अशी आशा आहे. हे वाक्य लक्षात ठेवा. 'सूड म्हणून गेले आणि जाता जाता हाताला लागले ते घेतले' ही कथा पुढे शंभर वर्षे सांगितली गेली. कागदावर मात्र हस्तिदंताचा हिशेब सुडाच्या आधीच मांडलेला होता.

जानेवारी १८९७ मध्ये फिलिप्स निघाला. राजवाड्यात इग्वे या वार्षिक उत्सवाचे विधी चालू होते, आत्ता येऊ नका असा निरोप आला होता, तरीही तो निघाला. वाटेत हल्ला झाला. नऊ युरोपीयांपैकी दोघे वाचले. सोबतच्या आफ्रिकी हमालांची दखल त्या काळच्या वृत्तांतात जेमतेम आहे. फेब्रुवारीत रिअर अॅडमिरल रॉसन याच्या हाताखाली सुमारे १,२०० जणांची फौज आली आणि १८ तारखेला शहर पडले. तीन दिवसांनी मोठी आग लागली. ओव्होनरामवेन यांना कलाबारला हद्दपार केले गेले. १९१४ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला.

सुळा म्हणजे काय

लिलावाच्या यादीत सुळा ही एक सुटी वस्तू असते, म्हणून हा भाग जरा लांबवतो.

ओबा वारले की त्यांच्या जागी आलेला ओबा राजवाड्यात त्यांची वेदी उभारतो. मातीचा अर्धवर्तुळाकार ओटा, त्यावर पितळेची शिरे, घंटा, उखुर्हे म्हणजे पूर्वजांना हाक घालायचे लाकडी खुळखुळदंड, समारंभी तलवारी. पितळी शिराच्या माथ्याला एक गोल भोक असते. त्या भोकात कोरीव सुळ्याचे बूड बसवायचे. सुळा वर वळत जातो आणि भिंतीला टेकतो. शीर आणि सुळा मिळून एकच वस्तू आहे. आज जगभरच्या संग्रहालयांत ही शिरे काचेआड आहेत, माथ्याचे भोक रिकामे. पाहणाऱ्याला ते भोक ओतकामातला दोष वाटतो.

सुळे कोरणाऱ्यांचा संघ वेगळा, 'इग्बेसान्म्वान'. पितळ ओतणाऱ्यांचा संघ वेगळा. दोघेही ओबांच्या आज्ञेखाली. हत्ती मारला गेला की त्याचा एक सुळा ओबांचा, आणि दुसरा विकत घेण्याचा पहिला हक्कही त्यांचाच. त्यामुळे हस्तिदंत हे तिथे खजिनाही होते आणि देवाचे द्रव्यही. त्याचा पांढरा रंग समुद्राच्या, समृद्धीच्या देवतेचा, ओलोकुनचा मानतात.

सुळा जवळून पाहिला तर बुडाशी बहुधा वेणीसारखी गुंफलेली पट्टी दिसते. तिच्यावर ओळीने आकृत्या: दोन्ही हात दोघा सेवकांनी धरलेला ओबा, पायांच्या जागी दोन मासे असलेला ओबा, एबेन ही समारंभी तलवार उचललेला सरदार, लांब केसांचा पोर्तुगीज, बिबट्या, सोंडेच्या टोकाला माणसाचा हात असलेला हत्ती. या आकृत्या बुडापासून टोकाकडे वाचायच्या. मासेपायी ओबा पाहून जुने लोक ओबा ओहेन यांची गोष्ट सांगतात, ज्यांचे पाय लुळे पडले होते. ओबा आणि ओलोकुन एकच, असाही त्याचा अर्थ लावला जातो. अभ्यासकांनी शंभराहून अधिक सुळ्यांवरच्या आकृत्यांची तुलना करून कोणते सुळे एकमेकांचे जोडीदार आणि कोणत्या ओबांच्या वेदीवरचे असावेत याचे अंदाज बांधले आहेत. काही सुळ्यांवर १८९७ च्या आगीची काळपट झळ आजही दिसते.

आपल्या वाचकाला सांगायचे तर देवघरातल्या टाकांची कल्पना करा. पूर्वजांचे टाक कोणी उचलून नेले आणि चार पिढ्यांनी 'चांदीवरील उठावकाम' म्हणून यादीत छापले, तर घरच्यांना पहिला धक्का किमतीचा बसणार नाही.

अडचण

कायद्याच्या बाजूने पाहिले तर घराण्याची स्थिती भक्कम होती. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा. तो मागच्या काळाला लागू होत नाही. युद्धातल्या लुटीला मनाई करणारा हेगचा करार १८९९ चा, म्हणजे दोन वर्षे उशिराचा. हस्तिदंताच्या व्यापारावर तेव्हाही निर्बंध होते, पण १९४७ पूर्वीच्या घडीव वस्तूंना युरोपात सूट होती. वस्तू लपवूनही ठेवलेल्या नव्हत्या. मुखवटा तर १९४७ आणि १९५१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनांत लोकांसमोर आलेला होता.

खरी अडचण दुसरीकडे होती. अशा वस्तूची किंमत ठरते ती तिच्या कुळकथेवर. '१८९७ पासून एकाच घरात' ही ओळ खरेदीदाराला सांगते की वस्तू नकली नाही आणि मधे कोणी हात मारलेला नाही. म्हणजे लूट हाच अस्सलपणाचा दाखला झाला. जो अधिकारी तह करून आला आणि फौज घेऊन परतला, त्याचे नाव यादीत किंमत वाढवत होते. बेनिन सिटीत तेच नाव वाचणाऱ्याला काय वाटेल, हा प्रश्न घोषणेच्या मजकुरात कुठे दिसत नाही.

भर मुखवट्याची. त्याच जातीचा ब्रिटिश म्युझियममधला मुखवटा १९७७ च्या लागोसमधल्या 'फेस्टॅक' या आफ्रिकी कलामहोत्सवाचे बोधचिन्ह होता. तेव्हा नायजेरियाने तो मागितला होता आणि मिळाला नव्हता. राजमाता इडिया यांचा मानला जाणारा तो चेहरा तिथे घराघरांत पोचलेला आहे. त्याचाच भाऊबंद विक्रीला निघाल्यावर लोक गप्प बसणार नव्हते.

समोरचे पर्याय

कुटुंबात काय बोलणे झाले ते त्यांचे त्यांना माहीत. वाटा मात्र बाहेरून मोजता येतात.

पहिली जाहीर विक्री, जी त्यांनी निवडली. दुसरी, ब्रिटनमधल्याच एखाद्या संग्रहालयाला देणे. त्यात वस्तू सुरक्षित राहते, पण राष्ट्रीय संग्रहालयात गेली तर पुढची दारे बंद होतात. ब्रिटिश म्युझियमचे हात १९६३ च्या कायद्याने बांधलेले आहेत. खासगी मालकाला 'देऊन टाकतो' म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही. हे स्वातंत्र्य या घराण्याकडे होते, अनेक मोठ्या संस्थांकडे नाही.

तिसरी वाट उसने देण्याची. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे २०२४ मध्ये तीन वर्षांच्या करारावर साताऱ्यात आली, तेव्हा रांगेत उभ्या माणसाला करार दिसत नव्हता, वाघनखे दिसत होती. पण मुदत संपण्याचे टाचण मागे असतेच. वेदीवरच्या सुळ्याला मुदतीने देणे आणखी विचित्र. पूर्वजांना तीन वर्षांची मुदत कोण देणार?

चौथी वाट, नायजेरियाने विकत घ्यायची. हे पूर्वी झालेले आहे. १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमने काही पितळी पत्रे नायजेरियाला विकले होते. आपल्याकडेही रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपये मोजून आणली. आनंद झाला, आणि आपलीच वस्तू पैसे देऊन का आणायची, हा प्रश्नही त्याच दिवशी विचारला गेला. ४७ लाख रुपयांना जो प्रश्न बोचतो, तो ४५ लाख पौंडांना किती बोचेल?

पाचवी वाट परत देण्याची. ही बोलायला सोपी. पण कोणाला परत? राजवाड्याला, एडो राज्य सरकारला, की केंद्राच्या राष्ट्रीय संग्रहालये व स्मारके आयोगाला? २०१० मध्ये याचे एकच उत्तर नव्हते. ओबांची भूमिका स्पष्ट होती: वस्तू राजवाड्यातून गेल्या, राजवाड्यात याव्यात. केंद्राच्या कायद्याने पुराणवस्तूंचा कारभार आयोगाकडे. मागणारे तीन आणि देणारा एक, अशा वेळी देणारा सहसा कपाट बंद करतो.

काय घडले

घोषणेनंतर काही दिवसांतच निषेध सुरू झाला. ब्रिटनमधल्या नायजेरियन लोकांच्या एका गटाने ऑनलाइन निषेधपत्र काढले, एडो राज्य सरकारनेही हरकत घेतली. नाताळच्या सुमारास लिलावगृहाने छोटे निवेदन दिले: मुखवटा आणि त्याच घराण्याच्या बाकीच्या वस्तू मालकांच्या विनंतीवरून विक्रीतून काढल्या आहेत. कारण नाही, पुढे काय तेही नाही.

बातम्यांत मथळा 'मुखवट्याचा लिलाव रद्द' असाच होता. सुळा 'बाकीच्या वस्तूं'त गेला.

निर्णयाचे क्षण

निषेध करणाऱ्यांनी आठवडाभरात एका बड्या लिलावगृहाला माघार घ्यायला लावली, ही लहान गोष्ट नाही. तरीही माझे मत असे की त्यांची तयारी पहिल्या पावलापुरतीच होती. 'थांबवा' ही मागणी होती. 'थांबवलेत तर पुढे हे करू' असा प्रस्ताव तिला जोडलेला नव्हता. राजवाड्याचे एक पत्र, वस्तू स्वीकारणाऱ्या माणसाचे नाव, वाहतुकीचा खर्च कोण करणार याची एक ओळ, एवढे त्या आठवड्यात कुटुंबापुढे ठेवले गेले असते तर त्यांच्यापुढे निदान दोन दारे राहिली असती. बदनामी थांबवायची असेल तर वस्तू पुन्हा आत ठेवणे, हेच एक दार उघडे होते. त्यांनी ते निवडले.

लिलावगृहाचा क्षण त्याआधीचा. वस्तू हातात आली तेव्हा तपासणीत प्रश्न होता 'मालकी सिद्ध होते का'. ती होत होती. 'मूळ घराशी बोललो का' हा प्रश्न तेव्हाच्या रिवाजात नव्हता. घोषणा आधी झाली आणि संवाद निषेधाच्या रूपाने नंतर आला. हा क्रम उलटा असता तर विक्री कदाचित झालीही नसती, पण बोलणे झाले असते.

कुटुंबाचा निर्णय मला सर्वांत समजण्यासारखा वाटतो आणि सर्वांत अपुराही. आजोबा-पणजोबांच्या नावावर रोज बातम्या येत असताना वारसाने मागे सरणे स्वाभाविक आहे. पण सहाही वस्तू एकाच गठ्ठ्यात मागे गेल्या. मुखवट्यावर लाखो पौंडांचा प्रश्न होता. सुळा, कडी, बैठक यांचा विचार वेगळा करता आला असता. सुळ्यापासून सुरुवात करणे सर्वांत सोपे होते, कारण त्याची जागा कोणत्या प्रकारच्या वेदीवर, कशाच्या माथ्यावर, हे बिनवादाचे आहे.

वेगळे काय करता आले असते

याचे उत्तर कल्पनेतून काढायची गरज नाही. २०१४ मध्ये त्याच मोहिमेतल्या दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या नातवाने आजोबांकडून आलेल्या दोन वस्तू स्वतः बेनिन सिटीत नेऊन राजवाड्याला दिल्या. एक पूर्वजांना हाक घालायची घंटा, एक धातूचा पक्षी. पक्षी ओबा एसिगी यांच्या गोष्टीतला. लढाईला निघताना तो पराभवाचे भाकीत ओरडला, ओबांनी त्याला मारायला लावले आणि लढाई जिंकली. या देण्यात लिलाव नव्हता, सरकारांची पत्रापत्री आडवी आली नाही आणि किंमत जाहीर करावी लागली नाही. वस्तू जिथली होती तिथे देणाऱ्याने ती हातात घेऊन नेली. त्या वेळी गादीवर ओबा एरेडियाउवा होते.

मात्र २०१४ ची वाट सगळ्यांना चालेल असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. दोन वस्तू एका माणसाने नेणे वेगळे आणि शेकडो वस्तू एका संस्थेने देणे वेगळे. जर्मनीने डिसेंबर २०२२ मध्ये २२ वस्तू सुपूर्द केल्या. त्यानंतर मार्च २०२३ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी परत येणाऱ्या बेनिन वस्तूंचे मालक ओबा असल्याचे राजपत्रात जाहीर केले आणि युरोपात काही जण बिचकले. केंब्रिज विद्यापीठाचा ११६ वस्तूंच्या हस्तांतराचा कार्यक्रम त्या मे महिन्यात पुढे ढकलला गेला. 'आम्ही देशाला दिले, ते राजाला गेले' असा सूर निघाला. मला तो सूर पटत नाही. राजवाड्यातून नेलेली वस्तू राजवाड्याची ठरली तर नेणाऱ्याच्या बाजूने त्यात तक्रार कसली? पण व्यवहारात प्रश्न खरा होता आणि तो बेनिनचा राजवाडा आणि अबुजातले केंद्र सरकार यांच्यात सुटायला वेळ लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ओबा आणि राष्ट्रीय आयोग यांच्यात व्यवस्थापनाबद्दल करार झाला. त्याच वर्षी नेदरलँड्सने ११९ वस्तू परत केल्या. २०१० मध्ये ज्या उत्तराअभावी कपाट बंद झाले, ते आता कागदावर आहे.

दुसरा बदल अनपेक्षित दिशेने आला. ब्रिटनचा हस्तिदंत कायदा २०१८ मध्ये झाला आणि ६ जून २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार १९१८ पूर्वीची हस्तिदंती वस्तू विकायची तर ती कला, संस्कृती किंवा इतिहास यांच्या दृष्टीने अत्यंत मोलाची असल्याचे प्रमाणपत्र आधी काढावे लागते, नाहीतर पात्र संग्रहालयालाच विकता येते. भेट देण्यावर आणि वारशाने मिळण्यावर बंदी नाही. म्हणजे आज तोच सुळा विकायला काढला तर अडवेल तो हत्तींना वाचवणारा कायदा. लुटीबद्दलचा असा कायदा अजूनही नाही. देऊन टाकायचा म्हटला तर मात्र वाट मोकळी आहे. देशाबाहेर नेण्यासाठी संकटग्रस्त प्राण्यांच्या व्यापारकराराखालचे परवाने लागतात, जुन्या सांस्कृतिक वस्तूच्या निर्यातीची परवानगी लागते. कंटाळवाणे काम आहे, अशक्य नाही.

आता कुठून सुरुवात करता येईल

नोव्हेंबर २०२२ पासून 'डिजिटल बेनिन' ही सूची खुली आहे. खुली झाली तेव्हा २० देशांतल्या १३१ संस्थांमधल्या ५,२४६ वस्तू तिच्यात होत्या. शीर एका देशात, सुळा दुसऱ्या देशात, हे तिथे पडद्यावर शेजारी ठेवून पाहता येते. संस्थांची कपाटे अशी उघडली, घरांची नाहीत. खासगी घरातला सुळा तिच्यात नसेल तर जोडीदार शोधणाऱ्यांच्या तुलनेत तो येतच नाही.

म्हणून अशा सुळ्याच्या मालकाशी बोलायची वेळ आली तर मी 'परत द्या' इथून सुरुवात करणार नाही. फोटो मागेन. पहिला बुडाचा, आतली पोकळी आणि काठ दिसेल असा, कारण सुळा शिरावर बसत होता तो तिथे. मग गुंफलेल्या पट्टीपासून वर, चारही बाजूंनी, एकेका ओळीचा. आगीची झळ असेल तर ती बाजू उजेडात धरून. सोबत बुडाचा घेर आणि बाहेरच्या वाकाने मोजलेली लांबी. या फोटोंवरून बेनिनमध्ये कोणीतरी सांगू शकेल की मासेपायी ओबाच्या वर कोण कोरले आहे आणि तसाच सरदार दुसऱ्या कोणत्या सुळ्यावर आहे. मग बोलणे एका वस्तूबद्दल राहणार नाही, एका विशिष्ट ओबांच्या वेदीबद्दल सुरू होईल. त्यांचे वारस फोन उचलतात.